नवशिक्या बॉक्सरनं स्वतःची शैली कशी शोधावी

बॉक्सिंग सुरू करून दोन-तीन महिने झाले की पोरं हात खाली सोडून नाचायला लागतात. मीही नाचलो आहे. उंची साडेपाच फूट, हात आखूड, आणि हौस मुहम्मद अलीसारखं मागे झुकून ठोसे चुकवण्याची. एका संध्याकाळी माझ्यापेक्षा वीतभर उंच मुलानं पहिल्याच मिनिटात साध्या जॅबनं, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशानं, माझं नाक फोडलं. अली सहा फूट तीन इंचांचा होता आणि तो मागे झुकायच्या आधी त्याच्या पायांनी अंतर मोजून ठेवलेलं असायचं, हे कळायला मला आणखी एक वर्ष लागलं.

म्हणून ‘माझी शैली कोणती ठेवू?’ असं कुणी विचारलं की मी विचारतो, ‘तिसऱ्या राउंडला, दम संपल्यावर तू काय करतोस?’ डोक्यातलं सगळं विसरून अंग आपणहून जे करतं, तिथून शोध सुरू होतो. पण त्याआधी थोडी तयारी लागते.

पहिले सहा महिने

शैली हा शब्दच काढू नका. पी हळद आणि हो गोरी, असं इथं चालत नाही. स्टान्स (उभं राहण्याची ठेवण), गार्ड (बचावासाठी वर धरलेले हात), जॅब, क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), हुक (कोपर वाकवून बाजूनं मारलेला), अपरकट (खालून वर मारलेला), चारही दिशांना पाय टाकणं, आणि ठोसा मारून हात परत हनुवटीशी आणणं, एवढंच. हे सगळ्यांना सारखंच शिकवतात आणि सगळ्यांना सारखाच कंटाळा येतो. तालमीत नव्या पोराकडून वस्ताद महिनोन् महिने जोर-बैठकाच काढून घेतात, डाव नंतर. इथंही तसंच.

या काळात एकच निर्णय घ्यायचा असतो, पुढे कुठला पाय ठेवायचा. उजव्या हाताचा माणूस साधारणपणे डावा पाय पुढे ठेवतो, त्याला ऑर्थोडॉक्स म्हणतात. डावखुरा उजवा पाय पुढे ठेवतो, तो साउथपॉ. ताकदीचा हात मागे राहतो, कारण त्याला वेग घ्यायला जागा मिळते. हा नियम मोडून मोठे झालेलेही आहेत. अमेरिकेचा ऑस्कर दे ला होया मूळचा डावखुरा, पण ऑर्थोडॉक्स उभा राहायचा, त्यामुळे त्याचा पुढचा हातच जबर होता. युक्रेनचा वासिल लोमाचेन्को उजव्या हाताचा असून साउथपॉ लढायचा. दोन्ही बाजूंनी आठ-दहा दिवस शॅडो बॉक्सिंग (समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारण्याचा सराव) करून बघा, मग एक बाजू धरा आणि वर्षभर बदलू नका.

डावखुऱ्यांना वेगळं सांगतो. काही ठिकाणी शिकवायला सोपं जातं म्हणून डावखुऱ्या मुलालाही सरळ ऑर्थोडॉक्स उभं करतात. तसं झालं तर कोचला नम्रपणे कारण विचारा. समोरच्याला साउथपॉशी खेळायची सवय कमी असते, हा तुमचा आयता फायदा आहे. तो विचार न करता सोडू नये.

शरीर मोजून घ्या

भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. हा तुमचा रीच. बहुतेकांचा तो उंचीच्या जवळपास भरतो. उंचीपेक्षा दोन-तीन इंच जास्त भरला तर हात लांब आहेत असं समजा. उंची नुसती पाहून भागत नाही, तुमच्या वजनगटातल्या इतरांच्या मानाने ती किती आहे ते बघायचं. पाच फूट आठ इंच ही ५१ किलोत ताडमाड उंची आहे, ७५ किलोत ती बेताची.

मग पाय. कबड्डी, खो-खो खेळलेल्यांच्या पायात बाजूला सरकण्याची चपळाई आधीच असते. कुस्तीतून आलेल्यांची कंबर आणि मान भक्कम असते, जवळच्या धक्काबुक्कीत ते हलत नाहीत. मात्र त्यांना डोकं पुढे घालायची सवय असते, आणि बॉक्सिंगमध्ये पुढे आलेलं डोकं अपरकटला आमंत्रण देतं. आधीच्या खेळातलं अंगवळणी पडलेलं फेकून देऊ नका. लोमाचेन्कोला त्याच्या वडिलांनी लहानपणी काही वर्षं पारंपरिक नृत्य शिकायला घातलं होतं, ते त्याच्या पायांत शेवटपर्यंत दिसायचं.

शरीरातलं वैगुण्यसुद्धा कामी येतं. अलीचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझियर लहानपणी डुकरापासून पळताना पडला आणि त्याचा डावा हात दुखावला. तो पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही, असं तो स्वतः सांगायचा. कोपरात वाकलेला हात म्हणजे हुकसाठी तयारच असलेला हात, आणि फ्रेझियरचा डावा हुक कसा होता ते पुढे येतंच आहे.

चार घराणी

गाण्यात असतात तशी बॉक्सिंगमध्येही ढोबळ घराणी आहेत. एक अंतर राखून खेळणारा: लांब जॅब, सतत हलते पाय, समोरच्याला जवळ येऊ न देणं. दुसरा अंगावर जाणारा: डोकं हलवत आत शिरायचं आणि बरगड्यांवर, जबड्यावर ठोशांची सरबत्ती करायची. तिसऱ्याचा भरवसा एकाच घणावर. ठोसे कमी, पण लागला की लढत संपली. चौथा वाट पाहणारा. तो समोरच्याला आधी मारायला लावतो, चुकवतो आणि उघड्या पडलेल्या जागेवर उत्तर देतो. फ्लॉइड मेवेदर याच पंथातला. खांदा पुढे करून ठोसा घरंगळवून द्यायचा, लगेच उजवा हात. व्यावसायिक लढतींत ५० पैकी ५० जिंकला.

यातलं सर्वांत भारी घराणं कुठलं, हा वाद जिममध्ये रोज होतो. त्याचं उत्तर सत्तरच्या दशकातल्या तीन लढतींत आहे. ८ मार्च १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फ्रेझियरनं अलीला १५ राउंडांच्या लढतीत गुणांवर हरवलं, आणि शेवटच्या राउंडमध्ये त्याच डाव्या हुकनं त्याला खालीही पाडलं. अलीचे हात लांब होते, पण फ्रेझियर वाकत, डुलत त्या हातांच्या आत शिरत राहिला. जानेवारी १९७३मध्ये जमैकात किंग्स्टनला हाच फ्रेझियर जॉर्ज फोरमनसमोर दोन राउंडांत सहा वेळा पडला. वाकून आत शिरणारं डोकं फोरमनच्या अपरकटच्या वाटेतच येत होतं. मग फोरमन अजिंक्य म्हणावा, तर ऑक्टोबर १९७४मध्ये आफ्रिकेत किन्शासाला अलीनं दोरांना टेकून त्याचे घण अंगावर झेलले, त्याला दमवलं आणि आठव्या राउंडमध्ये आडवा केला.

फ्रेझियरनं अलीला, फोरमननं फ्रेझियरला, अलीनं फोरमनला. तेव्हा घराणं निवडताना त्यासोबत त्याचं विषही ओळखून ठेवायचं. अंगावर जाणार असाल तर तुमचं विष अपरकट. अंतर राखणार असाल तर कोपऱ्यात अडकणं. वाट पाहणार असाल तर समोरच्यानं काहीच न करणं. दोघंही वाट पाहत बसले की पंच कुणाला गुण देणार?

आणि घराण्यांच्या भिंती काही पक्क्या नसतात. बहुतेक चांगले बॉक्सर दोन घरचे पाहुणे असतात.

मार खाल्ल्यावर काय होतं ते पाहा

शरीर मोजता येतं, स्वभाव स्पारिंगमध्येच, म्हणजे सोबत्याशी केलेल्या सरावाच्या लढतीतच, कळतो. पहिला खणखणीत ठोसा लागल्यावर माणूस तीनपैकी एक करतो: मागे सरतो, तत्काळ उलट मारतो, किंवा गार्डच्या आत मिटून घेतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हीच खरी माहिती आहे. मागे सरणाऱ्याला अंतराचा खेळ जमू शकतो, फक्त सरळ रेषेत मागे न जाता तिरकं निघायला शिकावं लागतं. उलट मारणारा अंगावर जाणारा होतो किंवा, राग आवरला तर, उत्तर देणारा. मिटून घेणाऱ्याचा गार्ड बहुधा घट्ट असतो. गार्डवर ठोसा अडला की त्याच क्षणी एक परत द्यायचा, एवढी सवय लावली तरी त्याचा खेळ पालटतो. जिमबाहेर तापट असलेली कित्येक माणसं रिंगमध्ये थंड डोक्यानं वाट पाहताना मी पाहिली आहेत. त्यामुळे स्वतःबद्दलचे अंदाज दाराबाहेर ठेवलेले बरे.

स्पारिंग म्हणजे मारामारी नव्हे, हेही आलंच. पहिले तीन-चार महिने ते नकोच. नंतर हलकं: फक्त जॅबचं, किंवा एकानं मारायचं आणि दुसऱ्यानं चुकवायचं. ग्लोव्ह्ज १४ ते १६ औंसांचे, माउथगार्ड, हेडगार्ड. हेडगार्डनं भुवई फुटायची वाचते, पण मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. ठोसा लागून डोकं दुखलं, गरगरलं, उलटी झाली, तर त्या दिवशी खेळ बंद, लगेच डॉक्टर, आणि त्यांनी परवानगी दिल्याशिवाय पुन्हा स्पारिंग नाही. ‘थोडं पाणी पी, उतर परत’ म्हणणाऱ्या कोचचं ऐकू नका.

वही

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो चाळीस पानी वहीचा. प्रत्येक स्पारिंगनंतर, घाम वाळायच्या आत, चार ओळी लिहायच्या. माझा कुठला ठोसा लागला? मला कुठला लागला? मी जास्त वेळ कुठे होतो: मध्यभागी, दोरांजवळ, कोपऱ्यात? दमल्यावर मी काय केलं?

एका दिवसाच्या नोंदीतून काही कळत नाही. दहा-बारा झाल्या की तेच तेच शब्द दिसायला लागतात. माझ्या वहीत ‘पोटात डावा हुक लागला’ हे वाक्य इतक्यांदा आलं होतं की शेवटी मी ‘पो. डा. हु.’ लिहू लागलो. ज्या क्रॉसवर मी तासन् तास घालवत होतो, त्याची नोंद जवळपास नव्हतीच. दमल्यावरच्या ओळीत प्रत्येक वेळी एकच: ‘पुढे गेलो, चिकटलो.’ म्हणजे मी अली व्हायला निघालो होतो आणि अंग फ्रेझियरच्या वाटेनं चाललं होतं.

मोबाइलवर व्हिडिओही काढून घ्या, पण पहिल्यांदा बघताना फक्त पाय बघा. चेहरा बघत बसलात तर आपण किती शूर दिसतोय तेवढंच कळतं.

एक ठोसा पिकवा

वहीत सापडलेला तो एक ठोसा घ्या आणि त्याच्याभोवती खेळ बांधा. तिथपर्यंत पोचायचं कसं, मारायचं कसं, बाहेर पडायचं कसं, हे तिन्ही बसवावं लागतं. माझ्यापुरतं सांगायचं तर, डोक्याकडे जॅबचा बहाणा, त्याचा गार्ड वर गेला की डावा पाय तिरका आत, पोटात हुक, आणि लगेच त्याच्या उजव्या हाताच्या पल्ल्याबाहेर. एवढंच महिनाभर. आधी आरशासमोर, मग बॅगवर, मग कोचच्या हातातल्या पॅडवर, मग हलक्या स्पारिंगमध्ये. डोकं हलवायला खांद्याच्या उंचीवर एक दोरी आडवी बांधा आणि तिच्याखालून डावीकडे-उजवीकडे वाकत पुढे-मागे जा. फुकटचं साधन आहे आणि मांड्या ओरडायला लागतात.

महिन्याभरात जिममधले सोबती तो ठोसा ओळखतील आणि कोपर खाली ठेवू लागतील. निराश होऊ नका. कोपर खाली आलं म्हणजे जबडा उघडा पडला. दुसरा ठोसा तिथूनच जन्मतो. शैली अशी एकातून एक फुटत जाते.

लांब हाताच्या माणसानं हेच जॅबभोवती करावं: एकेरी, दुहेरी, पोटावर, मागे सरकताना. सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त गुण मिळवून देणारा ठोसा तोच.

स्पर्धा तीन राउंडांची असते

हौशी बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांचे तीनच राउंड असतात आणि पंच प्रत्येक राउंडचे गुण वेगळे देतात. बारा राउंडांच्या व्यावसायिक लढती पाहून ‘आधी समोरच्याला अभ्यासतो, मग मारतो’ असं ठरवलंत तर अभ्यास होईपर्यंत लढत हातची गेलेली असते. वाट पाहणाऱ्यांनीही पहिल्या मिनिटात जॅब चालू ठेवावा.

आपल्याकडच्या बॉक्सरांच्या लढती यासाठी मुद्दाम पाहाव्यात, कारण त्यांचा खेळ याच तीन राउंडांत बसवलेला आहे. अमित पंघाल उंचीनं लहान, साउथपॉ. २०१८च्या एशियाडमध्ये ४९ किलोच्या अंतिम फेरीत त्यानं उझबेकिस्तानच्या ऑलिंपिक विजेत्या दुस्मातोवला हरवलं. तो आत कसा शिरतो आणि मारून लगेच कसा निसटतो, ते बुटक्यांनी पाहावं. उंच मुलींनी लवलिना बोर्गोहाईंचे लांब सरळ ठोसे पाहावेत. तिला टोकियो ऑलिंपिकमध्ये ६९ किलोत कांस्यपदक मिळालं. मेरी कोमनं जागतिक विजेतेपदं खालच्या वजनगटांत मिळवली होती. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते गटच नव्हते, म्हणून ती ५१ किलोत, स्वतःहून थोराड मुलींशी लढली आणि कांस्य घेऊन आली. एका लढतीत एकाच बॉक्सरकडे बघा, आणि एकच गोष्ट चोरा.

जमलं हे कसं ओळखायचं

पदकांवरून कळत नाही, निदान सुरुवातीला नाही. जिममधली पोरं नक्कल करायला लागली की समजा. माझी नक्कल करताना ती हनुवटी छातीत खुपसायची, डावा खांदा उचलायची आणि म्हशीसारखी डुलत पुढे यायची. सगळे हसायचे. अलीचं त्यात नखभरही काही नव्हतं.