हेलिपॅडचं लॅट-लाँग पायलटला कसं कळवावं

सभा असो, मंत्र्यांचा दौरा असो की पूर, तात्पुरत्या हेलिपॅडचं लॅट-लाँग, म्हणजे अक्षांश-रेखांश, कळवायचं काम तहसीलमधल्या नाहीतर बांधकाम खात्यातल्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं. ‘व्हॉट्सॲपवर लोकेशन टाका, झालं’ हा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. हेलिकॉप्टरच्या जीपीएसमध्ये आकडे भरावे लागतात, लिंक नाही.

मैदानाच्या गेटवर नव्हे, चुन्यानं आखलेल्या ‘एच’च्या मधोमध उभे राहा. नकाशातला निळा ठिपका स्थिरावला की त्यावर बोट दाबून धरा आणि आलेले आकडे कॉपी करा.

आता खरी मेख. फोन देतो दशांश अंश. पायलटला बहुतेक वेळा हवे असतात अंश आणि दशांश मिनिटं. समजा उदगीरजवळच्या मैदानाचे आकडे आले १८.३९२५ आणि ७७.११४०. यातले ‘३९’ म्हणजे ३९ मिनिटं नव्हेत! एका अंशात मिनिटं ६० असतात, म्हणून टिंबानंतरचा भाग ६०ने गुणायचा. ०.३९२५ गुणिले ६० म्हणजे २३.५५, अक्षांश झाला १८ अंश २३.५५ मिनिटं. ०.११४० गुणिले ६० म्हणजे ६.८४, रेखांश ७७ अंश ०६.८४ मिनिटं. सहाच्या आधीचं शून्य गाळायचं नाही.

न गुणता १८ अंश ३९.२५ मिनिटं पाठवलं तर? अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. इथं फरक १५.७ मिनिटांचा, म्हणजे नुसतं उत्तरेलाच २९ किलोमीटर. रेखांशही तसाच न गुणता गेला तर शिवाय पूर्वेला आठेक किलोमीटर. मैदान उदगीरला आणि हेलिकॉप्टर जळकोटच्या बाजूला! आकडा १८.७५ असता तर ‘७५ मिनिटं’ बघून कुणीतरी थांबलं असतं. साठच्या आतला आकडा मात्र बिनबोभाट निघून जातो, म्हणून घाई कितीही असो, गुणाकार दोनदा करा. ‘पायलट बघून घेईल’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. खाली सगळीकडं सारखीच काळी रानं असतात, त्यात बघून काय घेणार?

अंश-मिनिटं-सेकंद मागितले तर मिनिटांचा दशांश पुन्हा ६०ने गुणा: १८ अंश २३ मिनिटं ३३ सेकंद, ७७ अंश ०६ मिनिटं ५० सेकंद. २३.५५ मधले ५५ हे सेकंद नव्हेत, सेकंद ३३ आहेत. म्हणूनच आकड्यांसोबत ‘अंश’, ‘मिनिटं’ हे शब्द लिहाच.

फ्लाइट प्लॅनमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या फॉर्ममध्ये, चिन्हं, टिंब, मोकळी जागा काही चालत नाही आणि मिनिटं पूर्णांकात लागतात: १८२४एन०७७०७ई, एकूण अकरा खुणा. एन म्हणजे नॉर्थ, ई म्हणजे ईस्ट; फॉर्मवर ही अक्षरं अर्थातच इंग्रजी, एकेकच. रेखांशाचे अंश नेहमी तीन आकडी, म्हणून ०७७. हा आकडा उतरण्यासाठी देऊ नका, त्यात जागा एखादा किलोमीटर इकडंतिकडं होते. उतरायला मिनिटांचे दोन दशांश द्या, ०.०१ मिनिट म्हणजे साधारण १८ मीटर.

सर्व्हेच्या जुन्या छापील नकाशावरून आकडे काढू नका. त्यावर अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार वेगळा असतो. विमानांना डब्ल्यूजीएस-८४ हा जागतिक आधार लागतो आणि फोनचा जीपीएस तोच वापरतो.

पाठवण्याआधी अंश तपासा. मराठवाड्यात अक्षांश १७ ते २० आणि रेखांश ७४ ते ७८, याबाहेर काही दिसलं तर अदलाबदल झालीय. मग लातूर विमानतळापासूनची दिशा आणि अंतर जोडा: उदगीरच्या या मैदानासाठी पूर्वेला साधारण ३७ नॉटिकल मैल. न गुणलेले आकडे पूर्व-ईशान्येकडं ४४ दाखवतील, चूक तिथंच उघडी पडेल.

फोनवर ‘तेवीस पंचावन्न’ म्हणू नका. टू, थ्री, डेसिमल, फाइव्ह, फाइव्ह असा एकेक आकडा सांगा आणि पायलटकडून परत वाचून घ्या. ऐनवेळी मैदान बदललं तर जुना मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा, नव्या मेसेजवर वेळ टाका आणि पुन्हा फोन करा.