नाताळात घरच्यांना मुंबई दाखवायची, तर अशी आखणी करा

मराठवाड्यातला माणूस मुंबईला जातो तो बहुतेक कामानेच. मंत्रालयातली फाईल, मोठा दवाखाना, मुलाची मुलाखत. काम झाले की रात्रीची गाडी धरून परत. घरातले सगळे मिळून नुसती मुंबई बघायला जाणे मात्र राहून जाते. त्यासाठी नाताळासारखी वेळ नाही: घाम काढणारा उकाडा नसतो, पाऊस नसतो आणि शहर रोषणाईने सजलेले असते. २०२६ साली २५ डिसेंबर शुक्रवारी येतोय. गुरुवारची एक रजा टाकली तर सलग चार दिवस हातात येतात. पुढची सगळी आखणी त्याच चार दिवसांची आहे: २३ तारखेला बुधवारी रात्री घर सोडायचे, २७ ला रविवारी रात्री परतीच्या गाडीत बसायचे.

पहिले काम: दसरा झाला की तिकीट

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडते. म्हणजे २३ डिसेंबरचे तिकीट २४ ऑक्टोबरला आणि २७ डिसेंबरचे परतीचे २८ ऑक्टोबरला. दिवाळीच्या गडबडीत हे मागे पडते आणि मग डिसेंबरात वेटिंग बघत बसावे लागते. मोबाईलमध्ये आजच गजर लावून ठेवा.

नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर या मार्गावरच्या लोकांना देवगिरी, नंदीग्राम आणि राज्यराणी या रात्रीच्या गाड्या आहेत. दिवसा जायचे तर तपोवन, जनशताब्दी आणि आता नांदेडहून सुटणारी वंदे भारत. लातूर आणि धाराशिवकरांना लातूर–मुंबई एक्सप्रेस. बीडकरांना ट्रॅव्हल्स किंवा एसटीच सोयीची. मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर रात्रीचीच गाडी घ्या. झोपून जाता येते आणि मुंबईतला दिवस वाया जात नाही. गाडी तुमच्या स्टेशनवर रात्री बारानंतर येत असेल, तर तिकिटावर दुसऱ्या दिवसाची तारीख लागते. तेवढे दोनदा तपासा.

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर अर्धे तिकीट, हवा असेल तर पूर्ण. आजी-आजोबांचे वय फॉर्ममध्ये बरोबर भरा. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायका यांना खालचा बर्थ देण्याची सोय आहे. तत्काळवर भिस्त ठेवायची असेल तर आयआरसीटीसीचे खाते आधारशी आधीच जोडून घ्या, त्याशिवाय ऑनलाईन तत्काळ तिकीट निघत नाही. लेकरेबाळे घेऊन वेटिंगवर मात्र निघू नका.

स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाला आहे. जालना-संभाजीनगरकरांना तो सोयीचा पडतो. पण गाडी ठाणे-कल्याणच्या पाहुण्यांकडे लावा आणि पुढे लोकलने जा. दक्षिण मुंबईत गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा दिवस जातो.

दुसरे काम: मुक्काम

नाताळ ते एक जानेवारी लॉजचे दर चढलेले असतात, म्हणून तिकिटाबरोबरच खोली ठरवा. माझ्या मते कुटुंबासाठी दादर सगळ्यात सोयीचे. मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वेच्या लोकल तिथे मिळतात, जेवणाची मराठी पद्धतीची ठिकाणे आहेत आणि जमिनीखालून जाणारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे. फोन करून दोन प्रश्न जरूर विचारा. सकाळी सहाला पोचलो तर खोली मिळेल का? कारण बहुतेक लॉजवर खोली दुपारी बाराला देतात. आणि लिफ्ट आहे का? आजीचे गुडघे दुखत असतील तर हा प्रश्न भाड्याहून महत्त्वाचा.

नातेवाइकांकडे उतरणार असाल तर आनंदच आहे, पण डोंबिवली किंवा बदलापूरहून रोज दक्षिण मुंबईत येणे म्हणजे जाऊन-येऊन दोन-तीन तास. त्या हिशेबाने दिवसाला एकच ठिकाण धरा.

सामान बांधताना एवढे लक्षात असू द्या: परभणीत हुडहुडी भरलेली असली तरी मुंबईत दुपारी थोडे गरमच होते. स्वेटर-शाल फक्त रेल्वेपुरती. बाकी सुती कपडे, पायाला सवयीच्या चपला (नव्या नकोत) आणि प्रत्येकाचे ओळखपत्र. गाडीत खायला धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली की रात्रीची आणि सकाळचीही सोय होते.

तिसरे काम: नाताळ बघायचा तो वांद्र्यात, आणि २६ तारखेला

बरेच लोक २४ च्या रात्री वांद्र्याला धाव घेतात. तरणी पोरे असतील तर जावे. पण कडेवर मूल आणि हाताला धरलेली आजी असेल तर त्या रात्रीची गर्दी सोसत नाही, रस्ते तुंबलेले असतात आणि रिक्षा मिळत नाही. रोषणाई आणि येशूजन्माचे देखावे काही २५ ला उतरवत नाहीत. नाताळाचा काळ परंपरेने ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत चालतो. म्हणून २६ ची, शनिवारची संध्याकाळ वांद्र्यासाठी राखून ठेवा. सगळे तेच दिसते आणि उभे राहून बघता येते.

दादरहून धीम्या लोकलने वांद्रे तिसरे स्टेशन. पश्चिमेला उतरून चारच्या सुमारास रिक्षाने थेट माउंट मेरीला जा आणि तिथून उताराने चालत खाली या. उलटे केले तर चढण लागते आणि म्हातारी माणसे दमतात. माउंट मेरी हे टेकडीवरचे चर्च. आजची इमारत १९०४ ची. दारासमोरच्या टपऱ्यांवर जरा थांबा. तिथे मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, घर, तान्हे बाळ विकायला असते. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्यांना मूल हवे ते मेणाचे बाळ वाहतात. हा नवसच. फेडायला सगळ्या जातिधर्मांची माणसे येतात. तुळजापूर आणि माहूर पाहिलेल्या आपल्या आयाबायांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खाली उतरताना १५७५ पासूनचे सेंट अँड्र्यूज चर्च लागते आणि पुढे हिल रोड. हिल रोडला लागूनच रणवर नावाचे जुने गावठाण आहे. लाकडी जिने, कौलारू छपरे, दारात क्रूस, खिडकीत कागदी चांदण्या. इथली मूळ वस्ती ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या, पण मुंबईच्याच जुन्या ख्रिस्ती लोकांची आणि त्यांची बोली मराठीच. गोठ्याचा देखावा बघताना कुणी घराबाहेर उभे असेल तर मराठीत बोला, आनंदाने माहिती देतात. घरे राहती आहेत, तेव्हा विचारल्याशिवाय आत डोकावू नका आणि फोटोसाठी पायऱ्यांवर बसू नका.

मुलांना देखाव्यातली एक गंमत दाखवा. गवत, गाय, गाढव, मेंढपाळ, मरिया आणि जोसेफ सगळे आधीपासून मांडलेले असतात. गव्हाणीतले बाळ मात्र परंपरेने २४ च्या मध्यरात्रीच ठेवतात. गुरुवारी दिवसा एखाद्या चर्चमध्ये रिकामी गव्हाणी बघितली आणि शनिवारी बाळ दिसले, तर ती गोष्ट पोरांच्या कायमची लक्षात राहते. फोर्टमधले सेंट थॉमस कॅथेड्रल त्यासाठी वाटेवर आहे. १७१८ साली उपासनेला खुले झालेली ही इमारत आतून शांत आणि गार असते.

चर्चमध्ये कसे वागावे, हा प्रश्न आपल्याकडच्या लोकांना हमखास पडतो. टोपी काढायची, मोबाईल गप्प करायचा, खांदे-गुडघे झाकलेले कपडे असावेत. चपला सहसा काढाव्या लागत नाहीत. उपासना चालू असेल तर मागच्या बाकावर बसून ऐकू शकता, कुणी उठवत नाही. फक्त एक सांभाळा: मध्येच लोक रांगेने पुढे जाऊन पांढरी चकती घेतात. ती प्रसाद समजून रांगेत उभे राहू नका. तो त्यांचा संस्कार आहे आणि कॅथलिक चर्चमध्ये तो दीक्षा घेतलेल्यांपुरताच असतो. मुलांनाही आधीच सांगून ठेवा.

खाऊ म्हणून नेवऱ्या आणि कलकल (पिठाचे तळलेले गोड शिंपले) घ्या. नेवरी ही करंजीचीच बहीण. घरात माळकरी कुणी असेल तर प्लम केक घेताना दोन गोष्टी विचारा: अंडे आहे का, आणि फळे रममध्ये भिजवली आहेत का. बिनअंड्याचा केक बऱ्याच बेकऱ्यांत मिळतो.

चौथे काम: बाकीचे दिवस

दिवसाला दोनच ठिकाणे. तिसरे घातले की पोरे रडतात आणि मोठी माणसे एकमेकांवर खेकसतात.

गुरुवारी, २४ ला, पोचल्यावर दुपारपर्यंत आराम. मग मेट्रोने सीएसएमटी. १८८७-८८ च्या सुमारास पूर्ण झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आत शिरण्याआधी समोरच्या फुटपाथवरून ती अंधार पडल्यावर बघा, दिवे लागल्यावर तिचे रूपच पालटते. जवळच महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणजे क्रॉफर्ड मार्केट. तिथे नाताळाच्या चांदण्या, घंटा आणि झाडे यांचा बाजार भरतो. वस्तू वांद्र्याहून स्वस्त पडतात.

शुक्रवारी घारापुरी. लेणी आपल्याकडे आहेतच, मग तिथे कशाला, असे घरात कुणीतरी म्हणणारच. पण ज्याने वेरूळ पाहिले त्याच्यासाठीच घारापुरी खरी. वेरूळचे २९ क्रमांकाचे धुमार लेणे आणि घारापुरीचे मुख्य लेणे यांची मांडणी मिळतीजुळती आहे. कैलास हलवणारा रावण, शिवपार्वतीचा विवाह, अंधकासुराचा वध हे देखावे दोन्हीकडे आहेत. मुलांना ओळखायला सांगा. आणि सुमारे सहा मीटर उंचीची त्रिमुखी मूर्ती तर समोर उभे राहूनच बघावी. गेटवेहून सकाळची पहिली लाँच गाठा, समुद्रातून तासभर लागतो. हिवाळ्यात समुद्रपक्ष्यांचे थवे लाँचबरोबर उडत येतात. याच मार्गावर डिसेंबर २०२४ मध्ये मोठा अपघात झाला होता, तेव्हा लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचे, गरम होत असले तरी. वर चढायला शंभरावर पायऱ्या आहेत. न जमणाऱ्यांसाठी डोली मिळते. सोमवारी लेणी बंद असतात.

शनिवारी सकाळी चैत्यभूमी. ६ डिसेंबरची गर्दी ओसरलेली असते आणि शांतपणे बसता येते. तिथून सिद्धिविनायक जवळ. दुपारी विश्रांती, चारला वांद्रे.

रविवारी राणीची बाग. पेंग्विनपुढून पोरे हलणार नाहीत. बाग बुधवारी बंद असते. मुले मोठी असतील तर तिच्याऐवजी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र घ्या. मात्र रविवारी लोकलवर मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास काही गाड्या बंद असतात, तेव्हा आदल्या दिवशी वेळापत्रक बघून ठेवा किंवा मेट्रो धरा.

लोकलबद्दल थोडे

सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ कुटुंब घेऊन लोकलमध्ये चढू नका. सुट्टीच्या दिवशी थोडे सैल असते. बायका आणि लहान मुले महिलांच्या डब्यात, पुरुष शेजारच्या डब्यात, असे जायचे असेल तर कुठल्या स्टेशनवर उतरायचे आणि उतरल्यावर कुठे भेटायचे हे चढण्याआधी ठरवा. इंडिकेटरवर फास्ट की स्लो ते वाचा. रिक्षा वांद्र्याच्या दक्षिणेला चालत नाहीत, तिथे काळी-पिवळी टॅक्सी मीटरने.

प्रत्येक मुलाच्या खिशात नाव, दोन मोबाईल नंबर आणि लॉजचे नाव लिहिलेली चिठ्ठी हवी. मूल चुकले तर रेल्वेत १३९, इतरत्र ११२ किंवा मुलांची हेल्पलाइन १०९८.

परतीची गाडी दादरला चढायच्या फंदात पडू नका. ती तिथे थोडाच वेळ थांबते आणि सामानासह सगळे चढेपर्यंत जीव वर येतो. सीएसएमटीला तासभर आधी जा, गाडी लागली की निवांत बसा. केकचा खोका वरच्या बर्थवर सपाट ठेवा आणि शाली हाताशी असू द्या, कसारा घाट चढला की गारठा सुरू होतो.