विमानातील इंटरनेट : निघण्यापूर्वीची तयारी

जळगावहून उडणाऱ्या एटीआरसारख्या लहान विमानांत उपग्रह इंटरनेटची सोय सहसा नसते. विमानातील इंटरनेटचा प्रश्न येतो तो मुंबईहून पुढच्या लांब प्रवासात. रावेरचा केळी व्यापारी दुबईला किंवा धुळ्याचे आईवडील मुलाकडे अमेरिकेला निघाले, की विमानातही घरच्यासारखेच इंटरनेट मिळेल, असे ते धरून चालतात. तसे धरू नये.

पहिली अडचण पैसे भरतानाच येते. विमानातील इंटरनेटचा पॅक विकत घेण्यासाठी भारतीय कार्डाला बहुधा ओटीपी लागतो, तो एसएमएसने येतो आणि फ्लाइट मोडमधील फोनवर एसएमएस पोहोचत नाही. त्यामुळे पडद्यावर ओटीपीची रिकामी चौकट दिसत राहते आणि व्यवहाराची मुदत संपून जाते. म्हणून शक्य असेल तेथे पॅक घरूनच घ्यावा, आणि बँक ईमेलवर ओटीपी पाठवते का, हेही आधी विचारून ठेवावे. फ्लाइट मोड मात्र बंद करू नये, कारण काही विमानांत मोबाइलचे वेगळे नेटवर्क असते आणि फोन त्याला जोडला गेला, तर रोमिंगचे मोठे बिल येऊ शकते.

वेगाबाबतही अपेक्षा बेताचीच ठेवावी. जुन्या पद्धतीचा भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा, उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. विमानातून निघालेली मागणी उपग्रहामार्गे जमिनीवरील केंद्रात जाऊन तिचे उत्तर परत येईपर्यंत जवळपास अर्धा सेकंद जातो. स्टारलिंक या नव्या उपग्रह इंटरनेट सेवेचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असल्याने तेथे हा विलंब बराच कमी होतो. तरीही एकच जोडणी सगळे प्रवासी वाटून घेतात, म्हणून व्हॉट्सअॅपवरील फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे, फोटोंचा बॅकअप आणि अॅपचे अपडेट निघण्यापूर्वीच बंद करावेत. नाहीतर मर्यादित डेटाचा पॅक केळीचे भाव पाहण्याआधीच संपेल.

भारतीय हद्दीत ही सेवा ३,००० मीटरच्या वर गेल्यावरच मिळते. ध्रुवाजवळून जाणाऱ्या अमेरिकेच्या मार्गावर भूस्थिर उपग्रह क्षितिजाखाली जातो आणि जोडणी तुटते. त्या वेळी तक्रार करून काही उपयोग नसतो. विमानातील वाय-फाय सार्वजनिक असल्याने त्यावर बँकेचे व्यवहार टाळलेलेच बरे. ज्येष्ठांनी तर मुलाचा पत्ता आणि फोन क्रमांक कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवावा, म्हणजे इमिग्रेशनच्या खिडकीवर इंटरनेटवाचून अडणार नाही.