दरड बघायला जाताय? आधी वर चढा

घरामागे कोसळलेल्या दरडीची पाहणी करून अहवाल द्यायला निघालात, तर बूट, रेनकोट, टेप, वही, चार्ज केलेला फोन हे तुम्ही घ्यालच. छत्री नको, हात मोकळे लागतात. कोयता मात्र विसरू नका. कशाला, ते येतंच आहे.

निघण्याआधी मागच्या चार-पाच दिवसांचा पाऊस लिहून घ्या. वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो नि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. त्यामुळे घरचे ज्याला 'मंगळवारी रात्रीचा पाऊस' म्हणतात, तो बुधवारच्या आकड्यात सापडतो. शिवाय एकाच दिवसाचा आकडा बघून गप्प बसू नका. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैअखेर डोंगर आधीच भरलेला असतो, मग साधी सरही पुरते.

पोचलात की मातीच्या ढिगाकडे धावू नका. घरवाले तिकडेच ओढणार, त्यांची न्हाणी तिथे गाडली गेलेली असते. पंचमंडळीही फोटोसाठी तिथेच. तुम्ही वर जा. वरच्या घरवाल्यांना विचारून, लांबून वळसा घालून जा. कोसळलेल्या तोंडावरून चढायचं नाही, एकट्याने जायचं नाही, धो-धो पाऊस असेल तर थांबायचं. पण वर जायचंच.

मी गेलो नव्हतो. फोंडा तालुक्यातलं उतारावरचं घर, मागे सरळ उभा कापलेला जांभा. खालून सगळं मोजलं: ढिगाची लांबी-रुंदी, कापाची उंची, कोन. पायथ्याशी पाझरणाऱ्या पाण्यावर बारीक पांढरा फेस होता, तोही दिसला, आणि पावसाचा असेल म्हणून सोडून दिला. चहाचा कप हातात देताना घरातल्या आजीने विचारलंसुद्धा, "वयर पळयलें रे पुता?" वर बघितलंस का, म्हणून. मी हो हो म्हटलं. नवव्या दिवशी आणखी एक तुकडा खाली आला आणि गोठ्याचं छप्पर घेऊन गेला. गाय चरायला सोडली होती, एवढंच नशीब. मग वर चढलो. नव्या कडेपासून चार पावलांवर, गुडघाभर गवताखाली, आणखी एक भेग तयार. कोयत्याची मूठ आत जाईल एवढी रुंद. तिच्या वरच्या अंगाला वरच्या घराचा कपडे धुवायचा दगड, आणि त्याचं सगळं पाणी त्या भेगेत. फेस साबणाचा होता!

म्हणून कोयता. गवत कापल्याशिवाय भेग दिसत नाही. कापाची जेवढी उंची तेवढं तरी कडेपासून मागे शोधा, हा माझा हिशोब. भेगा अजून मागे जात असल्या तर तुम्हीही जा. कडेला समांतर जाणारी भेग वाईट. तिची डोंगराबाहेरची बाजू खाली बसली असेल तर फारच वाईट. कडा धारदार आणि मुळं ताणलेली म्हणजे ताजी, आत पालापाचोळा नि शेवाळ म्हणजे जुनी. दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोका, अंतर मिलिमीटरपर्यंत मोजा, वेळ लिहा. मग वरचं पाणी शोधा: शोषखड्डा, टाकीचं ओतून जाणारं पाणी, छपराचा पाइप, कुळागराचा, म्हणजे बागायतीचा पाट. प्रत्येकाचं पाणी कुठे मुरतं ते स्वतः बघा. 'गटारात जातं' हे कुणाचंही ऐकून लिहू नका.

आता खाली या. जांभा उभा कापला तरी वर्षानुवर्षं उभा राहतो, म्हणून लोक त्याला दगड समजून बिनधास्त राहतात. खोड त्याच्या खाली असते, पांढरट, कुठे जांभळट अशा चिकणमातीत. जांभ्याच्या भोकांतून उतरलेलं पाणी तिच्यावर अडतं, ती मऊ पडते आणि वरचा चिरा आधार सुटून येतो. दोहोंच्या सांध्याची ओळ शोधा, पाझर तिथेच असतो. अंगठा रुतला तर लिहा. पाणी गढूळ असेल तर आतून माती वाहतेय. संरक्षक भिंत असेल तर तिची पाणी बाहेर सोडणारी भोकं बघा: पावसात कोरडी आणि भिंतीला पोट आलेलं, तर भिंतीखाली उभे राहू नका. आणि पाण्यावर फेस दिसला तर परत वर जा.

जमीन सरकतेय याच्या खुणाही लिहा: घरात न लागणारी दारं, जोत्याच्या फटी. बाहेर कललेले खांब, माड.

उताराचा आकडा लिहिताना टक्के आणि अंश यांची गल्लत नको. २५ टक्के म्हणजे जेमतेम १४ अंश. डोंगरकापणीला परवानगी होती का, ते नगरनियोजन कायद्याच्या १७-अ कलमाखाली विचारा, पण दुसऱ्या दिवशी. आज भांडणं नकोत.

अहवालात पहिली ओळ 'कापाकडच्या खोल्या आजच रिकाम्या करा'. मग भेगेवर ताडपत्री, वरचं पाणी वळवणं, ढीग उपसण्याची घाई नको कारण तोच पायथ्याला टेकू देतोय. भिंतीचं डिझाइन नंतर. खुंट्या सकाळ-संध्याकाळ मोजायला घरातल्या एकाला शिकवा. आणि निघण्याआधी पुन्हा वर जाऊन एकदा मोजा, सहाच्या आत. नंतर गवतात काही दिसत नाही.