गरोदरपणात शुगर निघालीय? ताटातल्या या चुका टाळा

चहातली साखर बंद करून गूळ सुरू ठेवणं, ही सगळ्यात नेहमीची चूक. रक्तातली साखर वाढवण्यात गूळ काही मागे नाही. शेंगाची पोळीही त्यातलीच. शेंगदाण्याच्या जोडीला तिच्यात गूळ भरपूर. डोहाळजेवणात तुकडाभर चाखा, डबा भरून घरी आणू नका.

दुसरी चूक ज्वारीच्या भरवशावर होते. भाकरी मंगळवेढ्याच्या मालदांडीची असली तरी ती मोजूनच खायची. ज्वारीत चोथा आहे, मैद्यापेक्षा ती केव्हाही बरी, पण तिच्या पिठाचीही शेवटी साखरच होते. कडक भाकरी तर जास्तच फसवते. पातळ, कुरकुरीत असल्यामुळे तीन-चार कधी संपल्या ते कळतही नाही. मऊ असो वा कडक, किती खायची ते आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या आणि सोबत मटकीची उसळ, घट्ट वरण, पालेभाजी, अंडं किंवा दही घ्या. नुसत्या शेंगाचटणी-भाकरीवर जेवण उरकू नका. आणि 'दोन जिवांचं खा' म्हणून वाढणाऱ्या सासूबाईंना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्याच, निम्मं काम होतं.

डाळिंब आपल्याकडचंच आहे, दाणे थोडे खा, रस नको. एकादशीला दिवसभर उपाशी राहून साबुदाण्याची खिचडी खाणं तर या दिवसांत सोडाच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

याच्या उलट, घाबरून रात्रीचं जेवण सोडणाऱ्याही असतात. तरीही सकाळी उपाशीपोटी शुगर ९५ च्या वर येते, मग रडू येतं. यात तुमचा दोष नाही. वारेतल्या (प्लासेंटातल्या) हार्मोन्समुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि रात्री यकृत रक्तात साखर सोडत राहतं. अशा वेळी जेवण आणखी कमी करू नका, रीडिंग डॉक्टरांना दाखवा. जेवणानंतर दोन तासांनी ती १२० च्या आत हवी. दोन आठवडे आहार सांभाळूनही आकडे उतरले नाहीत, तर औषध किंवा इन्सुलिन लागतं. ते टाळत बसू नका. साखर चढीच राहिली तर बाळाचं वजन जास्त वाढतं आणि जन्मानंतर त्याची साखर एकदम खाली येऊ शकते.

तपासणीची गल्लतही होते. सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा जास्त आली तर निदान. यासाठी उपाशी जायची गरज नाही. ग्लुकोजचं पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी परत करा. पहिली तपासणी ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत दुसरी करायचीच.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी असते, ही मात्र उपाशीपोटी. बारसं, पाहुणे, जागरणं यांत ती हमखास राहून जाते. तोपर्यंत माहेरून आलेले डिंकाचे लाडू बेतानेच.