ब्रेड मशीन घेताना आणि वापरताना

मशीन घेताना आतलं नॉनस्टिक भांडं आणि मळायचं पातं सुटं मिळतं का ते आधी विचारा, झिजतं तेच. अमेरिकेतून कुणी आणत असेल तर ११० व्होल्टचं नको, आपल्याकडे २३० आहे.

आधी पाणी-तेल, मग पीठ, मीठ कडेला आणि यीस्ट सगळ्यात वर कोरडं राहील असं, टायमर लावून रात्रभर ठेवणार असाल तर हे पाळाच आणि तेव्हा दूध अजिबात नको. ५०० ग्रॅम मैद्याला साधारण ३०० ते ३२० मिली पाणी, कणकेला जास्त लागतं. मळणं सुरू झालं की पाचेक मिनिटांनी झाकण उघडून बघाच, गोळा कडेला चिकटत असेल तर चमचाभर पीठ, कोरडा वाटला तर चमचाभर पाणी. ब्रेड झाला की लगेच जाळीवर काढा, आत राहिला तर वाफेने ओलसर होतो.