फिलाडेल्फियात पब्लिक हिस्ट्री शिकायला येणाऱ्यांसाठी

दर वर्षी पावसाळा सुरू झाला की मला पुण्या-मुंबईहून, अधूनमधून नागपूर-कोल्हापूरहूनही निरोप येतात. ‘ताई, इतिहासात एम.ए. झालंय, आता तिकडे पब्लिक हिस्ट्री करायचंय. पण घरचे विचारतात, पुढे काय?’ पब्लिक हिस्ट्री म्हणजे संग्रहालयं, स्मारकं, अभिलेखागारं अशा ठिकाणी लोकांसाठी केलेलं इतिहासाचं काम. प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. मला इथे येऊन अकरा वर्षं झाली. पदवी इथलीच, आणि आता एका जुन्या घराच्या छोट्या संग्रहालयात नोकरी करते.

घरच्यांच्या प्रश्नावर रागावू नका, कारण हा विषयच त्या प्रश्नातून जन्माला आला. १९७० च्या दशकात अमेरिकेत इतिहासाच्या पीएचडीवाल्यांना प्राध्यापकाच्या जागा मिळेनात. तेव्हा सांता बार्बाराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉबर्ट केली यांनी १९७६ मध्ये वर्गाबाहेर काम करणारे इतिहासकार घडवायचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि ‘पब्लिक हिस्ट्री’ हे नाव तिथूनच रूढ झालं. विद्यापीठाबाहेरचा इतिहास आपल्याला नवा नाही. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत होते, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. इथे त्या कामाला पदवी, पगार आणि नियमांची चौकट आहे.

आता व्हिसा. हे आधी सांगते, कारण विद्यापीठ निवडण्याच्या आधीच ते ठाऊक हवं. इतिहास स्टेमच्या, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग आणि गणिताच्या, यादीत बसत नाही. तुमच्याबरोबर विमानातून उतरलेल्या इंजिनियर मुलाला शिक्षणानंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीचे, बारा महिने आणि वर चोवीस महिने मिळतील. तुम्हाला फक्त बारा. त्यातही नोकरीविना एकूण नव्वद दिवसच चालतात. अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या नव्वद दिवस आधीपासून करता येतो, तो पहिल्याच आठवड्यात करून टाका. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: विषयाशी संबंधित विनावेतन काम आठवड्याला किमान वीस तास करत असाल, तर ते दिवस बेकारीत मोजले जात नाहीत. मी स्वतः त्या आधारावर दोन महिने काढले. पुढचा एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, अवघड आहे; त्यासाठी सहसा लॉटरीत नंबर लागावा लागतो. विद्यापीठं आणि त्यांच्याशी जोडलेल्या ना-नफा संस्थांना लॉटरी लागू नसते, म्हणून विद्यापीठाचं ग्रंथालय किंवा अभिलेखागार ही आपल्यासाठी त्यातल्या त्यात बरी वाट. पण सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा कुणाच्याही जुन्या अनुभवावर, माझ्यासुद्धा, विसंबू नका. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. तोंडी सल्ल्यावर चालून माझ्या एका वर्गमैत्रिणीचं अख्खं सत्र वाया गेलं.

म्हणून विद्यापीठाच्या नावापेक्षा तीन गोष्टी विचारा. असिस्टंटशिप मिळेल का, म्हणजे फी माफ होऊन वर महिन्याला काही हातात पडेल का? एम.ए.ला ती मोजक्याच जागी मिळते, आणि या क्षेत्रातले पगार पाहता कर्ज काढून पूर्ण फी भरावी असं मला अजिबात वाटत नाही. इंटर्नशिप अभ्यासक्रमातच बांधलेली आहे का, आणि तिचे पैसे मिळतात का? आणि गेल्या तीन वर्षांतले विद्यार्थी आज कुठे आहेत? हे शेवटचं विचारल्यावर जो विभाग आढेवेढे घेतो, तो यादीतून काढा. इथे टेम्पल विद्यापीठ आहे. शिवाय साऊथ कॅरोलायना, इंडियानापोलिस, शिकागोचं लॉयोला यांचे अभ्यासक्रम जुने आणि नावाजलेले. तुमची बी.ए. तीन वर्षांची असेल तर ती चालते का, हे आधीच विचारून घ्या; वर एम.ए. असेल तर सहसा अडचण येत नाही.

इंडिपेन्डन्स हॉलपाशी रुंद काठाची टोपी घातलेले रेंजर दिसतील. ही स्थळं सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या त्या नोकऱ्या जवळपास सगळ्या अमेरिकन नागरिकांसाठीच असतात. त्यांवर वेळ घालवू नका. एप्रिल २०२५ मध्ये नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या सरकारी अनुदान संस्थेची मंजूर झालेली अनुदानंही धडाधड रद्द झाली, त्यामुळे छोट्या संग्रहालयांचे हात आखडले आहेत. याउलट ज्या खासगी कंपन्यांकडे आपली मुलं बघतही नाहीत, तिथे काम आहे. १९६६ च्या राष्ट्रीय वारसा जतन कायद्यातलं कलम १०६ असं की केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना लागणारा रस्ता, पूल, मनोरा काहीही असो, त्याने ऐतिहासिक वास्तूंवर काय परिणाम होईल ते आधी तपासायचं. तो अहवाल लिहायला या कंपन्यांना इतिहासात पदव्युत्तर शिक्षण झालेली माणसं लागतात. जमिनीची जुनी खरेदीखतं वाचणं, जुने नकाशे एकमेकांवर ठेवून घर कधी बांधलं ते ठरवणं, हे काम कोरडं वाटतं. पण सातबारा आणि फेरफार पाहत मोठे झालेल्यांना ते पटकन जमतं. जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे हाताळण्याचा, एक तरी कोर्स घ्याच.

वर्गात सगळ्यात जड गेलं ते संग्रहालयातल्या वस्तूंशेजारचे फलक लिहिणं. पहिल्या सत्रात आम्हाला एक लोखंडी इस्त्री दिली आणि पंच्याहत्तर शब्द. मी लिहिलं होतं: ‘अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील गृहव्यवस्थेत वस्त्रनिगेच्या साधनांना महत्त्वपूर्ण स्थान होते.’ बाईंनी कागद परत दिला आणि इस्त्री माझ्या हातात ठेवली. मनगट खाली गेलं. मग कोकणातल्या आजीची कोळशाची इस्त्री आठवली आणि लिहिलं: ‘ही चुलीवर तापत असे. जी बाई ती दिवसभर उचलत होती, तिचं नाव घराच्या हिशेबवहीत नाही. मालकिणीच्या झग्यांची संख्या मात्र आहे.’ तेवढंच ठेवलं. आपल्याकडच्या एम.ए.ने भरपूर वाचायला शिकवलेलं असतं. इथे लहान मुलाचा हात धरून उभ्या असलेल्या, पाय दुखणाऱ्या माणसासाठी लिहावं लागतं. हा सराव आजपासून मराठीत करा. घरातलं एखादं पातेलं घ्या आणि त्याच्यावर पंच्याहत्तर शब्द लिहा.

आल्या-आल्या पहिल्या रविवारी लिबर्टी बेलजवळच्या प्रेसिडेंट्स हाऊसला जा. फिलाडेल्फिया राजधानी असताना जॉर्ज वॉशिंग्टन तिथे राहत, आणि त्यांनी नऊ गुलाम माणसं त्या घरात ठेवली होती. त्यांतली ओना जज १७९६ मध्ये तिथून निसटली आणि पुन्हा कधी हाती लागली नाही. शहरातल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी वर्षानुवर्षं रेटा लावला, तेव्हा २०१० मध्ये तिथे स्मारक झालं. तिथे काय लिहावं यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही. महाराष्ट्रात पुतळे आणि पाठ्यपुस्तकांवरून काय होतं ते आपण पाहिलेलं आहे, त्यामुळे हे भांडण आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळतं. फक्त पहिलं वर्षभर ऐका. गुलामगिरी, यादवी युद्ध आणि त्यानंतरची वर्षं यांचं आपलं वाचन तोकडं असतं, ते भरून काढा.

आणि या शहरात आपलं माणूस आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये इथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजात आल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्या कॉलेजचे कागद आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. आधी वेळ ठरवून जा. पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. सूचीत शोधताना जोशीच्या शेवटी ‘आय’ नको, दोन ‘ई’ घाला. ते न कळल्याने मी पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने परतले. १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो आहे: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाईंची साडी पाहून मला तिथे रडू आलं, आणि टेबलापाशी बसलेल्या अभिलेखपालांनी काही न बोलता फोटो थोडा पलीकडे सरकवला. त्यावर पाणी पडू नये म्हणून. ती माझी पहिली शिकवणी.

मौखिक इतिहासाचा सरावही मराठीत करा. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेले आपले आजी-आजोबा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास बरेच आहेत. सेप्टाच्या लोकलने ट्रेंटन, तिथून न्यू जर्सी ट्रान्झिट. रेकॉर्डर लावण्याआधी स्वयंपाकघर सोडून दुसऱ्या खोलीत बसा, फ्रिजची घरघर पुढे काढता येत नाही. संमतिपत्र मराठीत वाचून दाखवा, मगच सही घ्या. आणि त्यांच्याकडे तिथल्या मराठी मंडळाच्या जुन्या स्मरणिका असतील, तर गंजलेल्या पिना स्वतः ओढून काढू नका, कागद फाटतो. आधी फोटो घ्या. साऊथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह याच शहरातून चालतं, असं साहित्य तिथे दाखवता येतं.

ऑक्टोबरात एक दिवस मोकळा ठेवा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलवरून हडसन लाइनची गाडी थेट पोकीप्सीला जाते, तेच शेवटचं स्टेशन. तिथल्या दफनभूमीत, त्यांना अमेरिकेत आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, आनंदीबाईंच्या अस्थी आहेत. गाडीत डाव्या हाताची खिडकी धरा, बहुतेक वाटभर नदी दिसते.